मदत हवी आहे: व्हिसेराच्या (विष तपासायला मृतदेहातून काढलेल्या अवयवांच्या) बरण्या एक रात्र पोलीस ठाण्यात राहू शकतात का?

दिवाळी अंकासाठी रहस्यकथा लिहितोय, संपादकांना जुलैअखेर द्यायचीय आणि नेमका शेवटाला अडकलोय. कथा ऑक्टोबर २०२४ ची, सातारा जिल्ह्यातलं गाव, विहिरीत बॉडी सापडते, ठाण्यात आधी अकस्मात मृत्यूची नोंद होते, पीएम (पोस्टमॉर्टेम) ग्रामीण रुग्णालयात, डॉक्टर व्हिसेरा राखून ठेवतात. म्हणजे कायदा नवा, जुन्या सीआरपीसीच्या १७४ ऐवजी बीएनएसएसचं (भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं) कलम १९४, ते वाचून झालंय, त्यामुळे प्लीज कलमं पाठवू नका. कलमात बरण्या कोण उचलतो ते नसतं हो.

वकील मित्राला विचारलं तर तो जमिनीच्या केसेसवाला. ठाण्यात गेलो तर हवालदारांनी चहा पाजला आणि मलाच विचारलं, "कुणाचं काय झालंय?" क्राइम मालिका बघून लिहायचं नाहीये, तिथे रिपोर्ट जाहिरातीच्या ब्रेकनंतर येतो.

साल बदलता येत नाही आणि विषाऐवजी दुसरं काही करताही येत नाही, सगळा प्लॉट त्या मिठाच्या पाण्यातल्या सीलबंद बरण्यांवर आहे. माझा खुनी ठाण्यातल्या ओळखीने एका रात्रीत बरणी बदलतो.

तर पोलीस, पीएम विभाग किंवा लॅबमध्ये काम केलेल्या कुणीतरी सांगा, पीएमनंतर बरण्या शिपाई थेट पुण्याच्या लॅबला नेतो की आधी ठाण्याच्या मुद्देमाल खोलीत ठेवतात? आणि ठेवल्या तर लाखेचं सील तुटलेलं लॅबवाल्यांच्या लक्षात न येणं शक्य आहे का?