मदत हवी आहे: अण्णांना हॉस्पिसमध्ये न्यावं का?

कृष्णाकाठ
नमस्कार. लांबलं तर समजून घ्या, रात्रीचे दोन वाजलेत आणि अण्णांचा आत्ता कुठे डोळा लागलाय.

वडील ७२ वर्षांचे, एसटीतून कंडक्टर म्हणून रिटायर झालेले. आम्ही मूळचे कराडचे, सध्या ते माझ्याकडे चिंचवडला आहेत. मार्चमध्ये स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला, तोवर लिव्हरमध्ये गेला होता. काविळीसाठी स्टेंट घातला, केमोच्या चार सायकल झाल्या. गेल्या आठवड्यात डॉक्टर म्हणाले, आता केमो झेपणार नाही, घरी न्या. पुढे काय, असं विचारलं तर "पॅलिएटिव्हला दाखवा" म्हणाले आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. कुठे, कधी, कुणाला, काहीच नाही.

अण्णांना पाठीवर आडवंच होता येत नाही. कॉटच्या कडेला बसतात, मांडीवर दोन उशा घेतात आणि त्यावर वाकून झोपतात. ट्रॅमाडॉल चालू आहे, दोन तास बरं वाटतं, मग पुन्हा कण्हणं सुरू. ऑफिसमधल्या एकीने पुण्यातल्या वारज्याच्या हॉस्पिसचं नाव सांगितलं. दादा भडकला, "बापाला मरायला टाकून येणार का? भावकीत तोंड कसं दाखवायचं?" त्याला मुंबईला नेऊन अजून एक केमो करायचीय. आई दिवसभर मऊ भात, पेज, नाचणीचं सत्त्व करत असते. अण्णा घास गालात धरून बसतात, तिची पाठ वळली की रुमालात काढतात. आणि अण्णांना आजाराचं नाव सांगितलेलं नाही. "लिव्हरला सूज आहे" एवढंच माहीत आहे.

हॉस्पिस म्हणजे नक्की काय? तिथे नेलं की माणूस परत येतच नाही का? खर्च किती? मॉर्फिनने लवकर जातात असं ऐकलंय, ते खरं आहे का? कुणी अनुभवलं असेल तर प्लीज लिहा.

रात्रपाळी
ताई, मी नर्स आहे, सात वर्षं हेच काम करते. आधी दुखण्याचं बघू, बाकी सगळं नंतर.

पुढे वाकून बसल्यावर बरं वाटणं हे स्वादुपिंडाच्या दुखण्यात नेहमी दिसतं. गाठ मागच्या नसांच्या जाळ्यावर दाबते, पाठीवर झोपलं की कळ वाढते. ट्रॅमाडॉल त्याला बऱ्याचदा पुरत नाही. मॉर्फिनची गोळी लागेल, आणि त्या नसांच्या जाळ्यात इंजेक्शन देऊन दुखणं कमी करता येतं, तेही विचारा. फार लोकांना हे कुणी सांगतच नाही.

मॉर्फिनने माणूस लवकर जात नाही. थोड्या डोसने सुरू करून दुखण्याप्रमाणे वाढवतात. पहिले दोन-तीन दिवस गुंगी येते, मळमळतं, मग शरीराला सवय होते. बद्धकोष्ठ मात्र होतंच आणि ते आपोआप जात नाही, म्हणून पहिल्या दिवसापासून पोट साफ होण्याचं औषध सोबत हवं. कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये ही गोळी मागत फिरू नका. अमली पदार्थांच्या कायद्यामुळे ती मान्यता असलेल्या संस्थांतूनच मिळते. २०१४ च्या दुरुस्तीनंतर परवान्यांचा गुंता बराच सुटलाय, तरी ती सगळीकडे मिळते असं नाही.

पॅलिएटिव्ह म्हणजे आजार बरा होणार नसला तरी दुखणं आणि त्रास कमी करणारे उपचार, आणि हॉस्पिस म्हणजे त्यासाठी राहायची जागा. वारज्याचं म्हणजे सिप्ला पॅलिएटिव्ह केअर सेंटर, १९९७ पासून आहे. कॅन्सरच्या पेशंटला पैसे पडत नाहीत. सोबत घरचं माणूस राहतं, आणि कूस कशी बदलायची, औषध कसं द्यायचं हे त्या माणसालाही शिकवतात. दुखणं आटोक्यात आलं की पुष्कळ जण घरी जातात. दादांना हेच सांगा. सगळे कागद घेऊन आधी ओपीडीत जा, भरती करायचं की नाही ते तिथे ठरेल.

सदू_शेतकरी
हार मानू नका! माझ्या मेव्हण्याला डॉक्टरांनी महिना सांगितला होता, आमच्याकडच्या वैद्यांच्या काढ्याने दीड वर्ष काढलं. नंबर खाजगी निरोपातून पाठवतो.

रात्रपाळी
सदूभाऊ, मेव्हण्यांना आराम पडला हे चांगलंच झालं. पण ताईंच्या वडिलांचं लिव्हर आधीच दमलंय, त्यात काय घातलंय ते माहीत नसलेला काढा नको.

वांद्रे_स्लो
आमच्या आईचा शेवटचा महिना वांद्र्याच्या शांती आवेदना सदनमध्ये गेला. देशातलं पहिलं हॉस्पिस ते, १९८६ चं. त्यांचं गोव्यातही आहे, लोटलीला. तिथे कॅन्सरवर उपचार करत नाहीत, हे जाण्याआधी मनाशी नीट समजून घ्या. मी पहिल्या दिवशी बिलाचा काउंटर शोधत होतो. नव्हताच.

खाण्याबद्दल लिहितो, कारण आमच्या घरी त्यावरूनच रोज रडारड व्हायची. मी आईला चमच्याने भरवायचो, ती ओठ मिटून घ्यायची, मग मी चिडायचो. तिथल्या सिस्टरने मला बाजूला घेऊन सांगितलं, "त्या जेवत नाहीत म्हणून जात नाहीयेत. शरीर आवरतं घेतंय, म्हणून भूक गेलीय." पोट नको म्हणत असताना घातलं तर उलटी होते, ठसका लागतो. मग तिनेच मला काम दिलं. ओल्या कापसाने तोंड आतून पुसायचं, ओठांना खोबरेल लावायचं, मागितलंच तर चमचाभर सरबत. तुमच्या आईंच्या हातातली पेजेची वाटी नुसती काढून घेऊ नका, दुसरं काहीतरी द्या.

नोटरी_काका
दादा उद्या आयसीयू-व्हेंटिलेटरचाही आग्रह धरतील अशी धास्ती असेल तर एक गोष्ट. अण्णा शुद्धीत असताना स्वतः लिहून ठेवू शकतात की शेवटी कृत्रिम उपायांनी लांबवू नका. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये त्याला मान्यता दिली, जानेवारी २०२३ मध्ये पद्धत सोपी केली. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी, एवढं लागतं. पण त्यासाठी अण्णांना आजार माहीत हवा.

कृष्णाकाठ
सगळ्यांचे आभार. नऊ दिवसांनी लिहितेय.

वारज्याला गेलो. दादाही आला, गाल फुगवूनच. तिथल्या डॉक्टरांनी आमच्याकडे न बघता थेट अण्णांना विचारलं, "तुम्हाला काय झालंय असं वाटतं?" मी दादाचा हात घट्ट धरला. अण्णा म्हणाले, "कॅन्सर. फाईल मार्चमध्येच वाचली मी. तीस वर्षं वेबिल भरलंय, कागद कळतो मला. ही पोरं घाबरतील म्हणून बोललो नाही." दादा उठून बाहेर गेला, खूप वेळ आलाच नाही. आला तेव्हा केमोचं काही बोलला नाही.

मॉर्फिन सुरू झालंय. तिसऱ्या रात्री अण्णा कुशीवर झोपले, चार तास सलग. आई दर तासाला उठून श्वास चालू आहे ना ते बघत होती. तिला आता कापूस आणि खोबरेलचं काम दिलंय. पेज अजून करते, पण वाटीभरच.

आता अण्णांना कराडला जायचंय, स्वतःच्या घरी. तिथे काय तयारी करू? आणि विचारायला जड जातंय, पण घरीच काही झालं तर पुढे कागदपत्रांचं काय?

रात्रपाळी
निघण्याआधी मॉर्फिन किती दिवसांचं मिळेल आणि संपल्यावर कुठून आणायचं ते वारज्यातच पक्कं करा. अडीअडचणीला फोन कुणाला करायचा तेही लिहून घ्या. कराडच्या फॅमिली डॉक्टरांना आत्ताच भेटा, सगळे कागद दाखवा आणि आल्यावर एकदा घरी येऊन अण्णांना बघून जायला सांगा. घरी मृत्यू झाला तर कारणाचा दाखला तेच देतील, नमुना ४अ म्हणतात त्याला. आधी न पाहिलेला डॉक्टर सही करायला कचरतो आणि भलत्या वेळी धावपळ होते. नोंदणीला २१ दिवस असतात, त्याची घाई नसते.

एअर बेड भाड्याने मिळतो. लाईट जाते का तिकडे? जात असेल तर बेडच्या पंपाला इन्व्हर्टर लागेल.

कृष्णाकाठ
लाईट गुरुवारी जाते. त्या दिवशी आमच्याकडे दिवसभर नसते. शुक्रवारी निघतो.