‘तारीख’, ‘दिनांक’ आणि ‘रोजी’

ॲपच्या मराठी आवृत्तीत ‘तारीख’ लिहावे की ‘दिनांक’, या प्रश्नावर माझे मत ‘तारीख’च्या बाजूने आहे. शब्द मूळचा अरबी असला, तरी कोर्टात तारीख पडते आणि लग्नाची तारीख धरली जाते. ‘दिनांक’ मात्र अर्जावरच भेटतो. ‘तिथी’ पंचांगाची, ती येथे चालणार नाही. जागा अपुरी असेल तर ‘दि.’ लिहावे, ‘ता.’ नको, कारण शेजारीच पत्त्याचा रकाना असला आणि त्यात ‘ता. हवेली, जि. पुणे’ असे भरलेले असले, की वाचणारा ‘ता.’ म्हणजे तालुकाच समजतो.

खरी अडचण पूर्ण वाक्यात येते. आमच्या कोथरूडच्या सोसायटीच्या ॲपवरून मला संदेश आला होता: ‘आपले देखभाल शुल्क ५ ऑक् २०२४ला मिळाले.’ यातले ‘ऑक्’ पाहून मला फार वाईट वाटले. इंग्रजीच्या धर्तीवर महिन्याच्या नावाची पहिली तीन चिन्हे ठेवली होती आणि संगणकाच्या लेखी ऑ, क व हलन्त मिळून तीन चिन्हे होतात. त्याच हिशेबाने एप्रिलचे ‘एप्’ आणि सप्टेंबरचे ‘सप्’ होते. वास्तविक संगणकावर जगभरच्या लिपी चालवणाऱ्या युनिकोड या मानकाच्या सीएलडीआर या संग्रहात, जिथे भाषाभाषांतली महिन्यांची नावे व तारखांची रूपे नोंदलेली असतात, ‘एप्रि’, ‘सप्टें’, ‘ऑक्टो’ अशी मराठी संक्षिप्त रूपे तयार आहेत.

‘ला’ची चूक याहून सूक्ष्म आहे. ‘५ ऑक्टोबरला’ हे निर्दोष मराठी आहे, पण पुढे वर्ष आले की प्रत्यय वर्षाला चिकटतो, आणि ‘२०२४ला’ याचा अर्थ बोलण्यात ‘२०२४ साली’ असा होतो. यावर आपल्या जुन्या पत्रव्यवहारात रुळलेला उपाय म्हणजे ‘रोजी’. फारसी ‘रोज’ म्हणजे दिवस. त्याला ‘घरी’, ‘दिवशी’ यांतला सप्तमीचा ‘ई’ लागून ‘रोजी’ झाले. सप्तमी त्या शब्दातच असल्यामुळे आधीच्या तारखेला प्रत्यय लावावा लागत नाही, आणि प्रोग्राममध्ये कोणतीही तारीख बसवली तरी ‘५ ऑक्टोबर २०२४ रोजी मिळाले’ हे वाक्य शुद्धच राहते.

‘पर्यंत’ला मात्र असा पर्याय नाही. ते शब्दयोगी अव्यय असल्याने जोडूनच लिहायला हवे, म्हणून ‘३१ मार्च २०२५ पर्यंत भरा’ असे तोडून लिहिण्यापेक्षा ‘भरण्याची शेवटची तारीख: ३१ मार्च २०२५’ अशी रचना मी सुचवेन.