रूम आवरलेली राहतच नाही, पावसात तर लई हाल, काय करावं?

निपाणीकडचा:
नमस्कार सगळ्यांना. इंजिनिअरिंगच्या सेकंड इयरला आहे, बेळगावात टिळकवाडीत रूम घेऊन आम्ही तिघं राहतोय. एकच खोली, तीन कॉट, एक टेबल आणि मागं एक छोटी खिडकी. जून लागल्यापासनं कपडे वाळत नाहीत, आत दोरी बांधलीय ती बरोबर माझ्या कॉटवरनंच जाते, झोपलं की तोंडावर ओली जीन्स लोंबत असते. टेबलावर तिघांची पुस्तकं, चार्जर, मेसच्या डब्याची भांडी, घरनं आलेलं भडंग सगळं एकत्र. बॅगेतनं शर्ट काढला तर कॉलरला पांढरी बुरशी. रविवारी सगळे मिळून आवरतो, बुधवारपर्यंत परत तेच. खरं मला त्रास नुसत्या पसाऱ्याचा नाही, रूमवर जावंसंच वाटत नाही, लायब्ररी बंद होईस्तोवर तिथंच बसतो, रूमवर आलो की झोप लागत नाही, चिडचिड होते, आंघोळीचा पण कंटाळा येतो. इंटर्नल परीक्षा जवळ आल्यात. 'मनावर घे' असलं नको, करायचं काय ते सांगा.

खानापूरवाली:
अरे तुझं पहिलं काम पसारा नाही, ओल आहे. आमच्या जांबोटी-कणकुंबीकडं झड लागली की ऊन बघायला मिळत नाही, त्यामुळं हे सगळं आमच्या घरात लहानपणापासनं चालत आलंय. ओले कपडे बंद खोलीत वाळत घातले तर त्यातलं पाणी जाणार कुठं, ते हवेतच राहतंय आणि मग भिंतीत, गादीत, वहीच्या पानांत मुरतंय. बुरशीला तेवढंच पाहिजे असतंय. म्हणून आधी ती दोरी आतनं सोड. मालकांना विचारून व्हरांड्यात नाहीतर जिन्याखाली बांध, पाऊस लागू नये खरं वारा लागावा अशी जागा बघ. रविवारचा ढीग बंद, रोज आंघोळीबरोबर त्या दिवसाचे दोन कपडे धुवून टाक. पिळून झाल्यावर कोरड्या टॉवेलात गुंडाळून परत एकदा दाबून पिळ, बरंच पाणी तिथंच निघतंय. जीन्स दसऱ्यापर्यंत घरी ठेव, पातळ पँटी वापर. आतच वाळवायची वेळ आली तर खिडकी आणि दार दोन्ही उघडं ठेवून पंखा लाव, नुसता पंखा लावून काही होत नाही, ओली हवा बाहेर जायला वाट पाहिजे.

कॉट भिंतीपासनं वीतभर लांब ओढ. बॅगा फरशीवर नकोत, चार विटा आणि एक फळी पुरते. बॅगेत कापडी पिशवीत कोळसा ठेव, तो ओल ओढून घेतोय, आणि ऊन पडलं की तो परत वाळवून घ्यायचा. डांबरगोळ्या उशाशी किंवा अंथरुणात ठेवू नकोस, बंद खोलीत त्याचा वास चांगला नाही. भिंतीवरची बुरशी ब्लीचिंग पावडरच्या पाण्यानं पुसता येते, तोंडाला फडकं बांधून, खिडकी उघडी ठेवून. त्यात संडास धुवायचं ॲसिड चुकून पण मिसळू नका, क्लोरीन वायू होतोय, लई घातक. पाऊस उघडला की गादी आणि वाकळ बाहेर काढायची, कॉलेज बुडलं तरी चालेल (बरं, पहिला तास तरी).

उद्यमबाग रूम नं 3:
वरचं सगळं बरोबर आहे, मी टेबलाबद्दल सांगतो कारण तुला इंटर्नल आहेत. प्रिन्स्टन विद्यापीठातल्या मॅकमेन्स आणि कास्टनर या दोघींनी 2011 मध्ये एक काम छापलं होतं, माणसांना स्क्रीनवर चित्रं दाखवून त्यांचा मेंदू मशीननं बघितला. डोळ्यासमोर एकावेळी जास्त गोष्टी असल्या की मेंदूत त्यांची आपसात ओढाताण होते, म्हणजे ज्याच्याकडं लक्ष द्यायचंय त्याच्या वाट्याला कमी येतं. नेटवर लोक हे 'पसाऱ्यावरचा अभ्यास' म्हणून फिरवतात, पसारलेल्या खोल्या काय त्यांनी तपासल्या नव्हत्या, खरं पुस्तकाशेजारी भांडी, चार्जर, भडंग असलं की काय होतं हे त्यातनं कळतंय. त्यामुळं तिघांत एकच नियम ठेवा, टेबलावर खाणं नाही आणि रात्री झोपायच्या आधी टेबल पूर्ण मोकळं, एक वही सुद्धा नको. अख्खी रूम सोडून दे, फक्त टेबल. प्रत्येकाचं सामान आपापल्या कॉटखाली खोक्यात, खाऊच्या बॉक्सवर नाव. दुसऱ्याच्या कॉटवरचं आपण आवरायचं नाही, भांडणं तिथनंच सुरू होतात, हे आधी बसून बोलून घ्या. बुधवारपर्यंत परत पसरतंय कारण वस्तूंना जागाच नाही, रविवारी तुम्ही फक्त ढीग हलवताय.

शहापूरच्या काकू:
बाळ, आमच्याकडं वर पोरं भाड्यानं राहतात म्हणून सांगते. भडंगाचा डबा घट्ट झाकणाचा घे, एक दाणा सांडला तरी रात्रीत मुंग्या लागतात. डब्याची भांडी जेवल्या जेवल्या विसळून उलटी घालायची, सकाळी घासली तरी चालतंय. बादलीत पाणी साठवून ठेवता का? आठवड्यातनं एकदा ती रिकामी करून आतनं घासायची, डेंग्यूच्या डासाची अंडी कडेला चिकटलेली असतात, नुसतं पाणी ओतून जात नाहीत, आणि आठ-दहा दिवसांत त्याचा डास होतोय. कूलरचं तसंच. आणि कॉट जुनी असेल तर सांध्यात टॉर्च मारून बघ, काळे बारीक ठिपके दिसले तर ढेकूण समज. झोप न लागायचं ते पण कारण असतंय. मालकांना लगेच सांग, लाजायचं काय त्यात. आणि भिंतीला ओल असली तर ते काम मालकांचंच आहे, तुम्ही पोरांनी पुसत बसायचं नाही. नीट जाऊन सांगितलं की ऐकतात रे.

नर्सिंगवाली (चिकोडी):
बाकी सगळ्यांनी खोलीचं सांगितलं. मला तुझं शेवटचं वाक्य टोचलं, आंघोळीचा कंटाळा, झोप नाही, चिडचिड. कधी कधी पसाऱ्यामुळं मन उतरतं तसं मन उतरल्यामुळं पण पसारा होतो, तेव्हा दोरी हलवून, टेबल आवरून काही होत नाही आणि माणूस स्वतःलाच आळशी म्हणत बसतो. तू आळशी वाटत नाहीस मला. दोन आठवड्यांच्या वर रोज असंच वाटत असेल, आवडीचं पण काही करावंसं वाटत नसेल, तर कॉलेजच्या काउन्सेलरला भेट किंवा 14416 ला फोन कर, टेली-मानस, सरकारी आहे, 2022 पासनं सुरू आहे, फुकट आहे, रात्री पण चालू असतंय आणि भाषा निवडता येते. घरी पण बोल. आईला खोलीचं नको, झोपेचं सांग.

निपाणीकडचा:
लई आभार सगळ्यांचे. आज दोरी सोडली, मालकांनी मागच्या व्हरांड्यात बांधायला हो म्हटलं. काकू, कॉटच्या सांध्यात ठिपके आहेत. उद्या मालकांना दाखवतो. ताई, आईशी बोललो रात्री, बराच वेळ. झोपेचं सांगितल्यावर ती शनिवारी येते म्हणाली. खानापूरवाली, कोळसा बेळगावात सुटा कुठं मिळेल?

खानापूरवाली:
इस्त्रीवाल्याला विचार, त्याच्याकडं असतोय. दगडी नको, लाकडाचाच घे, आणि तुकडे धुवून वाळवून मग पिशवीत भर, नाहीतर सगळे शर्ट काळे होतील.