रेच्यांच्या आवाजात गाणं कुठलं?

कामगारांचं गाणं म्हणजे गिरणगावातली शाहिरी, असं नेहमी म्हटलं जातं. मुंबईपुरतं ते खरंच आहे. पण नागपूरची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ लाच सुरू झाली होती, आणि विदर्भातल्या गावोगावच्या जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यांत, राबणाऱ्या बायांचं गाणं कुणी मोजतच नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

माझी आई हिंगणघाटकडे जिनिंगमध्ये जायची, दिवाळीपासून होळीपर्यंत. रेचे, म्हणजे सरकी काढायची यंत्रं, सुरू झाली की शेजारणीचं बोलणंही ऐकू येत नसे, त्यामुळे आत गाणं नव्हतंच. ते होतं बाहेर, कापसाच्या गंजीपाशी कवडी, म्हणजे किडका-पिवळा कापूस, वेचताना. नाकातोंडावर पदर, केसांत रुई, आणि एकीने ओळ उचलली की बाकीच्या पदराआडूनच ती ओढायच्या. ओव्या जात्यावरच्याच, फक्त त्यात आता रेचा आणि मुकादम आलेला.

रात्री मात्र खंजिरी. तुकडोजी महाराजांची भजनं आमच्या वस्तीत पोरासोरांनाही पाठ होती. ना पेटी लागायची ना तबला. दिवसभर कापसाच्या गठाणी वाहून आलेल्या माणसाला एक खंजिरी पुरायची. आई अजूनही कापूस हातात आला की आधी कवडी काढते, आणि काढता काढता गुणगुणते.