'कनेक्टेड' म्हणजे नक्की कशाला? तुमचे अनुभव लिहा

फोन कनेक्टेड, माणूस कनेक्टेड, दोन प्रकरणं कनेक्टेड... शब्द एकच पण दर ठिकाणी अर्थ वेगळाच निघतो. परवा भाचीशी यावरूनच जुंपली, की पुढे 'टू' लावायचं का 'विथ', म्हणून हा धागा. माझ्यापुरतं सांगते, वायर किंवा पाईप असं प्रत्यक्ष जोडलेलं असेल तर कनेक्टेड टू, आणि नुसता संबंध असेल, म्हणजे एखाद्याचा एखाद्या प्रकरणाशी, तर कनेक्टेड विथ. हल्ली दुसऱ्या ठिकाणीही 'टू' सर्रास चालतं, पण प्रिंटर लॅपटॉपला 'विथ'ने जोडला की माझ्या कानाला खटकतं. मूळ लॅटिन, नेक्टेरे म्हणजे बांधणे, नेक्सस आणि अनेक्स त्याच गोत्रातले. चला, येऊ द्या तुमचे किस्से.

--

मी नेटवर्क सपोर्टला आहे, हा शब्द माझ्या पाचवीलाच पुजलाय. वायफायखाली 'कनेक्टेड, नो इंटरनेट' असं येतं ना, त्यातला पहिलाच शब्द लोक वाचतात आणि मग तावातावाने फोन, की अहो कनेक्टेड लिहिलंय मग पेज का उघडत नाही? आणि खरं सांगू, त्यांचं काही चुकत नाही. तो शब्द तुमच्या फोनपासून राउटरपर्यंतच बोलतोय, राउटरच्या पुढे लाइन मेलेली असली तरी हा आपला कनेक्टेड म्हणून बसून राहतो. म्हणून मी आता आधी विचारतो, कशाला कनेक्टेड? त्यावर बहुतेक जण गप्पच होतात, मग राउटरवरचे दिवे बघायला सांगायचं.

--

वरच्यासारखंच, पण बातम्यांमधलं. मी आरोग्याच्या बातम्या मराठीत आणते. इंग्रजीत असतं 'लिंक्ड टू' किंवा 'असोसिएटेड विथ', संशोधकांनी मुद्दाम हात राखून लिहिलेलं, की या दोन गोष्टी एकत्र दिसल्या, बस्स. आणि मथळा काय पडतो? 'अमुकमुळे तमुक आजार'! तो 'मुळे' कुठून आला कोणास ठाऊक. कॉफीचंच बघा, जुन्या काही अभ्यासांत कॉफी पिणाऱ्यांना हृदयविकार जास्त दिसायचा, पण त्यांच्यात सिगरेट ओढणारेही जास्त होते, तो हिशोब धरल्यावर संबंध बराच सैल पडला. म्हणजे लिंक होती, कारण भलतंच होतं. मी 'शी संबंध आढळला' लिहिते. संपादक म्हणतात मिळमिळीत वाटतं, वाटू दे.

--

गणितवाल्यांना हा शब्द नीट व्याख्येसकट मिळतो हे आमचं नशीब. ग्राफ, म्हणजे बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेघा, कनेक्टेड म्हणजे कुठल्याही बिंदूवरून कुठल्याही बिंदूला जाता आलं पाहिजे, मग वाटेत दहा जण लागले तरी चालतील. मुलांना वाटतं प्रत्येकाची प्रत्येकाशी थेट रेघ हवी. ती असेल तर त्याला कम्प्लीट म्हणतात, वेगळी भानगड. १० बिंदू कनेक्टेड ठेवायला ९ रेघा पुरतात, कम्प्लीट करायला ४५ लागतात. फळ्यावर दोन्ही शेजारी शेजारी काढली की वर्गातून 'अच्छाऽऽ' येतं.

--

'वेल कनेक्टेड'चं कोणीच कसं लिहिलं नाही? भरतीच्या कामात आहे मी, कोणी 'ही इज वेल कनेक्टेड' म्हणालं की आधी सूर ऐकायचा. कधी कौतुक असतं, की माणसाची मोठ्या लोकांत ऊठबस आहे, आणि कधी सरळ टोमणा, की काम येत नाही, वशिला आहे. आणि 'वेल' गाळून नुसतं 'ही इज कनेक्टेड' म्हणालात तर अमेरिकन इंग्रजीत त्याचा अर्थ माफियाशी लागेबांधे असाही होतो, तेव्हा काकांची ओळख करून देताना जपून :)

--

स्पोकन इंग्लिश शिकवतो. आमच्यात 'कनेक्टेड स्पीच' असतं, म्हणजे बोलताना शब्द एकमेकांना चिकटतात. 'नेक्स्ट डे'मधला ट गायब, 'वॉन्ट टू'चं 'वॉना'. पुस्तकी इंग्रजी पक्कं असलेल्यांना सिनेमा कळत नाही त्याचं अर्धं कारण हेच.

--

जुन्या ब्रिटिश पुस्तकात कनेक्शन एक्स घालून लिहिलेलं दिसलं तर छपाईची चूक समजू नका, तेही स्पेलिंग होतंच. ब्रिटनमधलं मेथडिस्ट चर्च स्वतःच्या रचनेसाठी अजून तेच वापरतं.

--

धागाकर्ती: @भरती, मग ओळखीच्या माणसाची शिफारस करताना काय लिहायचं? 'हॅज अ वाइड नेटवर्क' चालेल का, की त्यातही वशिल्याचा वास येतो?

--

नेटवर्क चालेल. पण ती ओळख कुठल्या कामाची ते पुढे लिहा, नाहीतर वास येणारच.