मदत हवी आहे: बजेटमध्ये प्रोटीन कसं भरायचं? डाळीने गंडवलं राव

नमस्कार मंडळी, जरा डोकं लावा. वजन 60 किलो, 4 महिने झाले जिम चालू आहे, दांडी नाही (बरं, दोन-तीन असतील). स्क्वॉटला प्लेटा वाढतायत पण काटा 60 वरच ढिम्म.

किलोमागे 1.6 ग्रॅम प्रोटीन धरलं तर दिवसाला 96 लागतं आणि मला वाटायचं ते आरामात होतंय, कारण डाळीच्या पाकिटावर 100 ग्रॅमला 24 लिहिलंय आणि मी दोन्ही वेळा मोठी वाटी भरून डाळ हाणतो. परवा सहज 50 ग्रॅम कोरडी डाळ मोजून शिजवली, परत काट्यावर ठेवली तर 140! म्हणजे 90 ग्रॅम नुसतं पाणी, आणि मी कोरड्या डाळीचा आकडा शिजलेल्या वाटीला लावून खूश. वाटीत 12 ग्रॅम, मी धरत होतो 33. दिवसाला चाळीसेक ग्रॅम फक्त वहीत खाल्लं मी.

आता खरा हिशोब: 3 अंडी 18, अर्धा लिटर दूध 16, डाळ 24, भात-गव्हातून 15 धरा. 23 कमी पडतंय. पावडर परवडत नाही, चिकन आठवड्यातून एकदाच. सोया चंक्स 50 ग्रॅमला (कोरडे बरं का, आता शहाणा झालोय) 25 देतात, पण रूममेट म्हणतो मुलांनी सोया खायचं नाही, हार्मोनची वाट लागते. खरंय का? आणि अंडी कच्ची प्यायली तर जास्त अंगी लागतात म्हणे?

प्रतिसाद 1
कच्ची अजिबात नको. शिजवलेल्या अंड्यातलं प्रोटीन 90 टक्क्यांच्या आसपास पचतं, कच्च्यातलं जेमतेम निम्मं, वर साल्मोनेला जंतूची भीती. पैसे देऊन अर्धं अंडं वाया कशाला? सोयाचं म्हणशील तर नेहमीच्या प्रमाणात खाल्ल्याने पुरुषांचं टेस्टोस्टेरॉन कमी होत नाही, यावर बरेच अभ्यास झालेत, रूममेटला सांग.

पण भावा, काटा हलत नाही म्हणजे आधी कॅलरीच कमी पडतायत. मूठ-दीड मूठ शेंगदाणे घे, 50 ग्रॅमला 280 कॅलरी आणि 12-13 प्रोटीन. डाएटवाले त्यातल्या फॅटला घाबरतात, तुला तर तेच हवंय.

धागाकर्ता
हे डोक्यातच नव्हतं! शेंगदाणे आजपासून चालू. चंक्स पण आणले, पण तो वास... कसे खाता तुम्ही लोक?

प्रतिसाद 2
मीठ घालून 5 मिनिटं उकळ, गार पाण्यात टाक, मुठीत घट्ट पिळ. फेसाळ पाणी निघेल ते फेकून दे, परत पाणी, परत पिळ. दोन-तीनदा केलंस की वास जातो. आणि मोजायचे असतील तर उकळायच्या आधी मोज रे बाबा 😄