मदत हवी आहे: हिंसेवरच्या ऑडिओ भागांत बोलणारीची ओळख कशी लपवायची?

नमस्कार मंडळी. २५ नोव्हेंबर ते १० डिसेंबर या स्त्रियांवरील हिंसाचाराविरोधी १६ दिवसांच्या मोहिमेसाठी आम्ही काही जणी छोटे ऑडिओ भाग करतोय. एका ठिकाणी गाडं अडलंय.

सोसलेल्या बायका बोलायला तयार आहेत, पण ओळख पटायला नको. सॉफ्टवेअरने आवाजाची पट्टी खाली-वर केली, तरी तीच क्रिया उलटी करून मूळ आवाज बऱ्यापैकी परत मिळवता येतो. शिवाय बोलण्याची लकब, मध्येच "म्हणजे बघा ना" म्हणायची सवय, मागे वाजलेली दारावरची बेल... घरच्यांना तेवढंही पुरतं. म्हणून शब्द त्यांचेच ठेवून दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्यावं, असं मला वाटतं. पण वाचणारी लगेच रडवेला सूर लावते आणि सगळ्याचं नाटक होतं! असं काम कुणी केलंय का? वाचणारीला नेमकं काय सांगता?

दुसरं, ऐकणारीचा फोन नवरा तपासत असू शकतो. भागाला साधंसं, घरगुती नाव द्यावं का? पण मग जिला गरज आहे तिला तो सापडणार कसा? मदतीचा नंबर मात्र सुरुवातीलाच द्यायचा हे ठरलंय. शेवटपर्यंत ऐकायला मिळेलच असं नाही.